रिव्ह्यूचा मेल आला तर: खान्देशातल्या तरुण डॉक्टरांसाठी

जर्नलकडे आलेला पेपर, म्हणजे शोधनिबंध, तपासून मत देण्याचे, म्हणजे रिव्ह्यूचे, पैसे मिळत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्याकडच्या पीजींचा (पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा) पहिला प्रश्न तोच असतो: "मॅडम, एका रिव्ह्यूचे किती देतात?" बहुतेक मेडिकल जर्नल्स छदामही देत नाहीत. मग ओघानेच दुसरा प्रश्न येतो, "मग करता कशाला?" त्याचं उत्तर लांबलचक आहे, पुढे येईलच. तिसऱ्या प्रश्नाने मात्र माझं डोकं फिरतं. "धुळ्यात बसून आपल्याला कोण विचारणार?"

विचारतात. वेळेवर आणि नीट तपासून देणारी माणसं संपादकांना मिळता मिळत नाहीत. कित्येकांना मेल टाकावे तेव्हा कुठे दोघे हो म्हणतात, आणि त्यातलाही एक शेवटी गायब होतो. शिवाय काही पेपर असे असतात की ते तपासायला मोठ्या शहरातला सुपरस्पेशालिस्ट कमी पडतो. मी मुलांची डॉक्टर. मूळची शहाद्याची, आता धुळ्यात शिकवते. माझ्या ओपीडीत सिकलसेलची (रक्तातल्या लाल पेशी कोयत्यासारख्या होतात त्या आनुवंशिक आजाराची) मुलं येतात, कुपोषणाची येतात, पावसाळ्यात साप चावलेली येतात. या विषयांवरचे पेपर माझ्याकडे तपासायला येतात ते माझ्या नावापुढच्या पदवीमुळे कमी, आणि ही मुलं रोज पाहते म्हणून जास्त. तुमचंही तसंच होऊ शकतं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: लेखक जर्नलला पेपर पाठवतात, संपादक तो त्याच विषयातल्या दोघातिघांकडे पाठवतो, ते वाचून आपलं मत लिहितात, आणि छापायचं की नाही ते संपादक ठरवतो. निर्णय संपादकाचा, हे नीट लक्षात ठेवा. रिव्ह्यूअर सल्ला देतो. पहिल्यांदा रिव्ह्यू करणाऱ्याच्या अंगात परीक्षक संचारतो आणि तो लेखकाला नापास करायला बसतो. तसं करायचं नसतं.

मेल खरा की खोटा

"परम आदरणीय प्रोफेसर" अशी सुरुवात, मुलांच्या डॉक्टरला डेंटल इम्प्लांटचा पेपर, ४८ तासांत रिव्ह्यू द्या, आणि खाली बारीक अक्षरात तुमचाही लेख पाठवा, फीमध्ये सवलत देऊ. असा मेल सरळ डिलीट करा. ही पैसे घेऊन काहीही छापणारी दुकानं. तुम्ही भलेपणाने रिव्ह्यू केलात तर त्यांच्या साइटवर तुमचं नाव झळकतं, आणि ते पाहून प्रमोशनच्या घाईत असलेला कुणीतरी पैसे भरतो. तुमच्या नावाचा असाही उपयोग होऊ शकतो.

शंका आली तर संपादक मंडळ बघा, त्यातल्या एखाद्या ओळखीच्या माणसाला विचारा की बाबा, तुला हे माहीत तरी आहे का. जर्नल पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय पेपर शोधायच्या साइटवर, दिसतं एवढ्यावर जाऊ नका. पबमेडमध्ये दिसणं वेगळं आणि मेडलाइन या त्यातल्या निवडक जर्नलच्या यादीत घेतलं जाणं वेगळं. ओपन अ‍ॅक्सेस, म्हणजे कुणालाही मोफत वाचता येणारं जर्नल असेल तर डीओएजे या अशा जर्नलच्या तपासलेल्या यादीत आहे का तेही पाहा.

दुसऱ्या बाजूने, खरं जर्नल तुमचीही खातरजमा करतं. संस्थेचा ईमेल मागतं, ऑर्किड नंबर (संशोधकाचा स्वतःचा कायमचा ओळख क्रमांक) मागतं. त्याचा राग मानू नका. लेखकांनी सुचवलेल्या रिव्ह्यूअरचे ईमेल पत्तेच बनावट निघाले आणि त्यामुळे ट्यूमर बायोलॉजी या जर्नलमधले १०७ पेपर २०१७ साली एका दमात मागे घ्यावे लागले. तेव्हापासून सगळेच ताक फुंकून पितात.

हो म्हणायचं की नाही

मेलसोबत फक्त शीर्षक आणि सारांश येतो. तेवढ्यावर ठरवायचं असतं. विषय आपला आहे का? अर्धा आपला असेल तरी चालतं, पण तसं संपादकाला कळवा: "वैद्यकीय बाजू पाहीन, संख्याशास्त्राचं मॉडेल माझ्या आवाक्याबाहेर आहे, ते दुसऱ्याला दाखवा." संपादक यावर खूशच होतो. वेळ आहे का? साधारण दोन ते तीन आठवडे देतात, आणि नवख्या माणसाचे एका पेपरवर पाच-सहा तास सहज जातात. ते तास इमर्जन्सी पोस्टिंगच्या आठवड्यात मिळणार नाहीत, घरी लग्न असताना तर नाहीच नाही.

नाही म्हणायचं असेल तर दोन दिवसांत नाही म्हणा आणि जमलं तर दुसऱ्या कुणाचं नाव सुचवा. मेल तसाच ठेवून देणं सगळ्यात वाईट. पलीकडे कुणाचं तरी प्रमोशन, कुणाची तरी सीनियर रेसिडेंटशिप त्या पेपरवर अडलेली असते.

आता हितसंबंधांबद्दल. जर्नलचा फॉर्म विचारतो की लेखकांशी आर्थिक किंवा व्यक्तिगत संबंध आहे का. मोठ्या शहरात "नाही" लिहून माणूस मोकळा होतो. आपल्याकडे तसं नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारचे दोन डॉक्टर भेटले की तिसऱ्या वाक्याला नातं निघतं: मामेभावाचा साडू, नाहीतर एकाच होस्टेलचा ज्युनियर. लेखकांची नावं झाकलेली असली तरी "सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या शिक्षण रुग्णालयात" असं वाचलं की कुणाचं काम ते मला कळतं. कळलं, तर संपादकाला कळवायचं. "लेखक कोण असावेत याचा अंदाज आला आहे, आम्ही एकत्र काम केलेलं नाही, तरी चालेल का?" बहुतेक वेळा चालतं. एकत्र पेपर लिहिलेला असेल, एकाच खात्यात असाल, भांडण असेल किंवा तुम्ही स्वतः त्याच विषयावर पेपर लिहीत असाल, तर बाजूला व्हा. भांडण असलेला माणूस कडक रिव्ह्यू करतो हे सगळ्यांना कळतं, पण जवळचा माणूस मुळमुळीत रिव्ह्यू करतो त्याकडे कुणी बघत नाही. मला दुसरा जास्त घातक वाटतो.

पेपर कुणालाही दाखवायचा नाही

तपासायला आलेला पेपर म्हणजे लग्नाला जाताना शेजारणीने ठेवायला दिलेले दागिने. घालून बघायचे नाहीत, कुणाला दाखवायचे नाहीत, जसे आले तसे परत. व्हॉट्सअ‍ॅपवर "हे बघ कसला भारी डेटा आलाय" असं टाकायचं नाही. वॉर्डातल्या कॉम्प्युटरवर उघडा सोडून राउंडला जायचं नाही. त्यातली कल्पना उचलून पुढच्या वर्षीच्या पीजीला थीसिसला द्यायची नाही. ही तर उघड चोरी, आणि ती पकडणं जवळपास अशक्य म्हणून जास्त वाईट. रिव्ह्यू झाला की फाइल काढून टाकायची.

ज्युनियरला सोबत घेऊन शिकवायचं असेल तर आधी संपादकाला विचारायचं आणि त्याचं नाव कळवायचं. बहुतेक संपादक आनंदाने परवानगी देतात. न विचारता रेसिडेंटकडून रिव्ह्यू लिहून घेऊन स्वतःच्या नावाने पाठवणारे सीनियर आहेत. माझ्या वाट्याला असा सीनियर आला होता, नाव घेत नाही. शिकायला मिळालं हे खरं, पण काम माझं आणि नाव त्यांचं.

आणि चॅटजीपीटीत पेपर टाकून "याचा रिव्ह्यू कर" म्हणायचं नाही. मेडिकल जर्नलच्या संपादकांची जी आंतरराष्ट्रीय समिती आहे, आयसीएमजेई, तिने २०२३ मध्ये हे स्पष्ट लिहिलं: जिथे गुप्ततेची खात्री नाही अशा एआय साधनात पेपर चढवू नये, आणि एआयची मदत घेतली असेल तर जर्नलला सांगावं. इंग्रजी सुधारायला तुमचं स्वतःचं वाक्य टाकायचं असेल तर जर्नलचा नियम बघा. लेखकाचा मजकूर मात्र कुठेच टाकायचा नाही.

वाचायचा कसा

गुप्ततेचा नियम माझ्यावरही आहे, त्यामुळे खरा पेपर इथे सांगता येणार नाही. एक बनवून सांगते.

समजा पेपर असा आहे: एका जिल्ह्यातल्या सिकलसेलच्या ६० मुलांना वर्षभर हायड्रॉक्सियुरिया हे औषध दिलं. औषधाआधीच्या वर्षात दर मुलामागे दुखण्याचे क्रायसिस (अचानक उठणारे जोरदार झटके) सरासरी ४.२, औषधानंतरच्या वर्षात १.८. पी व्हॅल्यू (औषधाचा परिणाम नसतानाही एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.०००. निष्कर्ष: आदिवासी भागातल्या सगळ्या मुलांना हे औषध द्यावं.

पहिल्यांदा हातात पेन न घेता वाचा, गोष्ट वाचतो तसं. लेखक काय विचारतोय आणि त्याचं उत्तर मिळालं का, एवढंच बघा. इथे प्रश्न चांगला आहे. हायड्रॉक्सियुरिया क्रायसिस कमी करतं हे जगभर माहीत आहे, पण दुर्गम भागात, तपासणीला रक्त द्यायलाच दोन गाड्या बदलाव्या लागतात तिथे ते जमतं का, हे कुणी मोजून लिहिलं तर हवंच आहे. २०२३ च्या जुलैत सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन सुरू झाल्यापासून तर जास्तच.

दुसऱ्यांदा वाचताना प्रस्तावना आणि चर्चा सोडा, थेट पद्धतीचा भाग आणि तक्ते उघडा. कागद घेऊन बेरजा करा. सारांशात ६० मुलं आहेत, तक्ता ३ मध्ये ४१. बाकीची १९ कुठे गेली? मेली, गाव सोडलं, की औषध सोसलं नाही? एका ओळीतही लिहिलेलं नसेल तर तो पहिला मोठा मुद्दा. मग निदान. "सोल्युबिलिटी टेस्टने निश्चित केलेले रुग्ण" असं लिहिलंय? ती चाचणी सिकल हिमोग्लोबिन आहे एवढंच सांगते. वाहक कोण आणि आजारी कोण हे सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी लागते. ६० जणांत काही वाहक घुसले असतील तर त्यांना क्रायसिस तसेही येत नाहीत, औषधाआधीही आणि नंतरही, त्यामुळे दोन्ही सरासऱ्या खाली येतील आणि औषधाचा खरा परिणाम किती ते कळणार नाही.

मग आकडे. क्रायसिसची सरासरी १.८ आणि स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत ते) २.६. क्रायसिस शून्याच्या खाली जात नाहीत, म्हणजे हा डेटा एका बाजूला झुकलेला आहे. बऱ्याच मुलांना एकही नाही आणि तिघाचौघांना भरपूर. इथे मध्यक (ओळीने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) द्यायला हवा आणि चाचणीही त्याप्रमाणे. पी कधी ०.००० नसतो, सॉफ्टवेअर तसं छापतं, लेखकाने ०.००१ पेक्षा कमी असं लिहायचं. ही छोटी गोष्ट आहे, छोट्या मुद्द्यांत टाका. त्यावरून लेखकाला झोडपू नका.

तुलनेचा गट नाही. मुलं औषधावर कधी घेतली? एखाद्या जबर क्रायसिसमध्ये भरती झाल्यावर. म्हणजे वाईट काळात धरलेली मुलं. अशा काळानंतर थोडा बरा काळ आपोआप येतोच, औषध द्या किंवा न द्या. याला रिग्रेशन टू द मीन म्हणतात, आणि आपल्याकडच्या "औषधाआधी-औषधानंतर" छापाच्या निम्म्या पेपरांचा जीव यातच जातो, असं माझं मत आहे.

इथपर्यंत कुणीही हुशार रिव्ह्यूअर पोचेल. पुढचा मुद्दा मात्र खान्देशातल्या माणसालाच सुचेल. दिवाळीनंतर अक्राणी, अक्कलकुवा, नवापूरकडची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात, बारडोली-सुरतच्या पट्ट्यात. पोरंबाळं सोबत. होळीला गावी यायचंच असतं, काठी गावची होळी चुकवून चालत नाही. मधल्या चार महिन्यांत ते मूल आपल्या ओपीडीत येत नाही. आमच्या सिस्टर गैरहजर मुलांच्या घरी फोन लावतात तेव्हा गावातलं कुणीतरी उचलतं आणि सांगतं, "त्या ते उसले ग्यात, व्हळीले येतीन." फडावर थंडी असते, पाणी कमी पिलं जातं, ताप येतो, म्हणजे क्रायसिस यायला सगळं अनुकूल. तो आला तर मूल तिकडच्याच दवाखान्यात दाखल होतं. आपल्या रजिस्टरात नोंद नाही. पेपरमधल्या १.८ या आकड्यात हे चार महिने धरलेत की वगळलेत? लेखकांनी फक्त स्वतःच्या रुग्णालयाची नोंद मोजली असेल तर औषधाने क्रायसिस कमी झाले की मुलं गावात नव्हती, हे कुणालाच सांगता येणार नाही.

या एका प्रश्नाने सगळा पेपर सुधारू शकतो. हा प्रश्न बोस्टनमधल्या प्रोफेसरला सुचणार नाही. दिल्लीतल्यालाही सुचेलच असं नाही. म्हणून म्हणते, धुळ्यात बसलेल्यालाही विचारतात.

शेवटी इथिक्स. कमिटीची परवानगी आणि तिचा क्रमांक. पालकांची संमती, आणि सात वर्षांपुढच्या मुलांची स्वतःचीही. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ७ ते १२ वर्षांसाठी तोंडी आणि त्यापुढे लेखी सांगितली आहे. औषधाची चाचणी असेल तर सीटीआरआय या भारतातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत नोंदणी पहिला पेशंट घेण्याआधी झाली होती का, ते त्या साइटवर जाऊन तारीख बघून घ्या. पाच मिनिटांचं काम. तिथे मुख्यतः काय मोजणार (प्रायमरी आउटकम) म्हणून जे लिहिलं होतं तेच पेपरात आहे का, तेही बघा. नोंदणीत "भरती किती वेळा" आणि पेपरात "दुखणं किती कमी" असं दिसलं तर विचारा. केस रिपोर्टमध्ये चेहरा ओळखू येईल असा फोटो असेल तर संमतीशिवाय एक पाऊल पुढे नाही.

सगळं लक्षात राहत नसेल तर इक्वेटर नेटवर्कच्या साइटवर पेपरात काय काय असायला हवं याच्या याद्या आहेत: रँडमाइज्ड ट्रायलसाठी कन्सॉर्ट, निरीक्षणात्मक अभ्यासासाठी स्ट्रोब, सिस्टेमॅटिक रिव्ह्यूला प्रिझ्मा, केस रिपोर्टला केअर. सुरुवातीला यादी बाजूला ठेवून वाचा. पुढेपुढे डोळाच सरावतो.

आणि सगळं सापडलंच पाहिजे असा हट्ट धरू नका. १९९८ साली बीएमजेच्या (ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या) मंडळींनी एका पेपरात मुद्दाम ८ दोष घालून तो रिव्ह्यूअरना पाठवला होता. दोनशेच्या वर लोकांनी उत्तर दिलं, आणि सरासरी सापडले फक्त २. काहींना तर एकही नाही.

लिहायचं कसं

फॉर्ममध्ये दोन चौकोन असतात. एक लेखकांसाठी, एक फक्त संपादकासाठी. "छापू नका" हे दुसऱ्यात लिहायचं. पहिल्यात निर्णयाबद्दल चकार शब्द नाही, कारण दुसऱ्या रिव्ह्यूअरचं मत वेगळं असू शकतं आणि मग संपादकाची पंचाईत होते.

लेखकांच्या चौकोनात आधी दोन-तीन वाक्यांत पेपर काय सांगतो ते आपल्या शब्दांत लिहा. लेखकाला कळतं की याने वाचलंय, आणि कधीकधी तेवढ्यावरूनच त्याला कळतं की आपण म्हणत होतो ते पोचलंच नाही. मग जे खरोखर चांगलं आहे ते. मग मोठे मुद्दे, क्रमांक घालून, पान आणि ओळ सांगून. मग किरकोळ.

रिव्ह्यू इंग्रजीत जातो, इथे मराठीत देते. असं लिहू नये: "संख्याशास्त्र कच्चं आहे. लेखकांनी मूलभूत पुस्तक वाचावं." यावर लेखक काय करणार? चिडेल आणि पेपर दुसरीकडे तसाच पाठवेल. असं लिहावं: "नोव्हेंबर ते मार्च या काळात किती मुलं स्थलांतरामुळे जिल्ह्याबाहेर होती आणि तिथल्या भरतीची माहिती कशी घेतली, ते पद्धतीच्या भागात द्यावं. माहिती नसेल तर क्रायसिसचा दर प्रत्येक मूल प्रत्यक्ष देखरेखीखाली असलेल्या महिन्यांवर काढावा आणि ही मर्यादा चर्चेत लिहावी." यात काय चुकलं, का चुकलं आणि काय करता येईल हे तिन्ही आलं. आणि जे आता करताच येणार नाही ते मागू नका. अभ्यास संपल्यावर "तुलनेचा गट घ्या" म्हणण्यात अर्थ नाही. "निष्कर्षातला ‘सगळ्यांना द्यावं’ हा शब्द मागे घ्या" म्हणण्यात आहे.

इंग्रजीवरून टोमणे मारू नका. साक्रीच्या मराठी शाळेतून आलेल्या मुलीने रात्रपाळीत टाइप केलेला पेपर असू शकतो. अर्थ लागत नसेल तिथे ओळ दाखवून द्या, आर्टिकल आणि स्पेलिंग सुधारत बसू नका, त्याला कॉपी एडिटर आहेत. स्वतःचे पेपर संदर्भात घाला असंही सुचवू नका. लेखक बिचारा घालतो, कारण त्याला पेपर छापून हवाय. हा खंडणीचाच प्रकार झाला.

सुधारून आलेला पेपर पुन्हा तुमच्याकडे येतो. तेव्हा आधीचे मुद्दे घेऊन ताळा करा आणि थांबा. पहिल्या फेरीत न सुचलेलं दुसऱ्या फेरीत काढणं म्हणजे लेखकाला दमवणं. जीवघेणी चूक तेव्हा दिसली तर मात्र सांगायलाच हवी, तिथे भीड नको.

काहीतरी काळंबेरं वाटलं तर

दोन तक्त्यांत हुबेहूब तेच आकडे, एकच फोटो दोन पेशंटच्या नावाने, एका छोट्या तालुक्यात वर्षात न मावणाऱ्या केसेस. असं दिसलं तर लेखकांच्या चौकोनात आरोप करू नका, फेसबुकवर तर मुळीच नाही. संपादकाला खासगीत लिहा, पुराव्यासकट, "चोर" हा शब्द न वापरता. पुढे काय करायचं याची पद्धत कोप नावाच्या संस्थेने संपादकांसाठी आखून ठेवली आहे. ती १९९७ पासून हेच काम करते, आणि रिव्ह्यूअरसाठीही तिची मार्गदर्शक तत्त्वं मोफत वाचायला मिळतात.

२०२० च्या मे महिन्यात लॅन्सेटमध्ये कोविडच्या पेशंटना दिलेल्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरचा पेपर आला: ६७१ रुग्णालयं, ९६,०३२ पेशंट, सहा खंड. आठवड्याच्या आत जागतिक आरोग्य संघटनेने स्वतःच्या चाचणीतला त्या औषधाचा भाग थांबवला. मग बाहेरच्या वाचकांनी आकडे तपासले. ऑस्ट्रेलियातले मृत्यू तिथल्या सरकारी आकड्यापेक्षा जास्त निघाले. मूळ डेटा दाखवा म्हटल्यावर तो पुरवणारी कंपनी दाखवेना. दोन आठवड्यांत, ४ जूनला, पेपर मागे. जगातलं नावाजलेलं जर्नल, नावाजलेले रिव्ह्यूअर. "हा डेटा कुठल्या रुग्णालयांतून आला, त्यांची नावं द्या" एवढा साधा प्रश्न विचारायला पद नाही लागत.

मिळतं काय

सर्टिफिकेट मिळतं. काही जर्नल्स वर्षाअखेर रिव्ह्यूअरची नावं छापतात. ऑर्किडवर आणि वेब ऑफ सायन्सच्या प्रोफाइलवर रिव्ह्यूची नोंद होते (रिव्ह्यूची नोंद ठेवणारी पूर्वीची साइट, पब्लॉन्स, २०२२ मध्ये त्यातच विलीन झाली). काही प्रकाशक थोडे दिवस डेटाबेस मोफत उघडून देतात, काही छपाईच्या फीमध्ये सूट देतात. परदेशी जर्नलचं सीएमई (डॉक्टरांच्या चालू शिक्षणाचं) क्रेडिट आपल्या महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे चालेल असं गृहीत धरू नका, आधी विचारा.

ही झाली चिल्लर. खरी कमाई म्हणजे निर्णय झाल्यावर बरीच जर्नल्स दुसऱ्या रिव्ह्यूअरची मतं तुम्हालाही पाठवतात. तुम्ही दोन पानं खरडलेली असतात आणि दुसऱ्याने चार ओळींत पेपरचा गाभाच धरलेला असतो. असं शिक्षण कुठल्याच वर्कशॉपमध्ये मिळत नाही. दुसऱ्याच्या पेपरात १९ मुलं हरवलेली दिसली की स्वतःच्या थीसिसमध्ये फॉलोअपचा तक्ता आपोआप नीट बनतो. मेडिकल रिप्रेझेंटेटिव्हने पुढ्यात ठेवलेल्या चकचकीत कागदावरचा आलेख बघून "याचा वाय अ‍ॅक्सिस शून्यापासून का नाही?" असं तोंडातून निघतं. त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

तक्रारही आहे. मोठे व्यावसायिक प्रकाशक या फुकटच्या कामावर भरपूर कमावतात, आणि वरून लेखकाकडून छपाईचे लाखभर रुपये मागणारेही आहेत. म्हणून मी आधी संघटनांच्या आणि सरकारी संस्थांच्या जर्नलना हो म्हणते. इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च १९१३ पासून चालू आहे, इंडियन पेडियाट्रिक्स आमच्या संघटनेचंच आहे. तिथे केलेलं काम आपल्याच माणसांच्या कामी येतं. किती घ्यावेत? तुमच्या एका पेपरवर दोघातिघांनी वेळ घातलेला असतो, तेव्हा दर पेपरामागे दोन-तीन रिव्ह्यू करून टाका. त्यापुढे ज्याची त्याची हौस आणि ज्याची त्याची झोप.

सुरुवात

पेपर छापून आलेला असेल तर मेल आपोआप यायला लागतात. नसेल तर वाट बघत बसू नका. ऑर्किड नंबर काढा, फुकट आणि दहा मिनिटांत होतो. ज्या जर्नलचे अंक तुम्ही खरंच वाचता त्याच्या साइटवर रिव्ह्यूअर म्हणून नोंदवा. विषय लिहिताना "बालरोग" एवढंच लिहू नका, त्याने काहीच कळत नाही. "सिकलसेल, ग्रामीण भागातली नवजात तपासणी, सर्पदंश" असं नेमकं लिहा. मग संपादकाला पाच-सहा ओळींचा मेल: मी कोण, कुठे काम करते, वर्षाला कुठल्या आजाराचे किती पेशंट पाहते, थीसिस कशावर होता, कुठल्या प्रकारचे अभ्यास तपासू शकते आणि कुठले नाही. सोबत दोन पानांचा बायोडेटा, त्याहून मोठा नको. गाईडला विचारा की पुढचा रिव्ह्यू आला तर संपादकाच्या परवानगीने मला सोबत घ्याल का. आणि मेल पाठवताना पत्ता लिहायला लाजू नका: धुळे, शिरपूर, चोपडा, तळोदा, जो असेल तो पूर्ण लिहा. संपादक तोच शोधत असतो.